पिस्तूल नेमबाजी व हातभरणीची काडतुसे

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांनी ठराविक अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याच्या स्पर्धात्मक खेळास पिस्तूल नेमबाजी म्हणतात. एकदा उडविलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरात आणून तीत नवी टोपी, मोजून घेतलेली दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस पुनर्भरण किंवा हातभरणी अशी संज्ञा आहे. वरवर पाहता पहिला विषय क्रीडेचा, तर दुसरा शस्त्रनिर्मितीचा आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या दोहोंचा इतिहास एकमेकांत इतका गुंतलेला आहे, की एकास वगळून दुसऱ्याचे विवेचन अपुरेच राहते.

या संबंधाचे मूळ पिस्तुलाच्या रचनेत आहे. पिस्तुलाची नळी आखूड असते व त्यास खांद्याचा आधार नसतो. त्यामुळे हाताचा किंचित कंपही लक्ष्यावर कित्येक सेंमी. चा फरक पाडतो. गोळी सुटताना बसणारा धक्का पंजावर व मनगटावर येतो आणि पुढील गोळीच्या वेळी तो धक्का अपेक्षून हात नकळत आखडतो. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या आखडण्यातूनच होतात. कारखान्यात तयार होणारी काडतुसे मात्र प्रामुख्याने सैन्य व पोलीस यांच्यासाठी असत. त्यांत आघातशक्तीला महत्त्व होते. स्पर्धकाला नेमके याच्या उलट हवे असते : धक्का सौम्य, प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखे आणि कागदावर पडणारे छिद्र स्वच्छ. असा माल दुकानात मिळेना, तेव्हा नेमबाज स्वतःच काडतुसे भरू लागला. ज्या देशांत व ज्या स्पर्धाप्रकारांत पुनर्भरण शक्य नव्हते, तेथे हा खेळ वेगळ्या वळणाने वाढला.

पूर्वेतिहास : अठराव्या शतकात यूरोपातील उमराव वर्गात द्वंद्वयुद्धासाठी जोडीने बनविलेली पिस्तुले प्रचारात होती. त्यांच्या सरावासाठी पॅरिस, लंडन यांसारख्या शहरांत नेमबाजीच्या गॅलऱ्या निघाल्या. पॅरिसमधील गास्तीन-रेनेत या बंदूककारांची गॅलरी त्यांत विशेष प्रसिद्ध होती. टोपीच्या पिस्तुलांच्या या काळात प्रत्येक नेमबाज आपली दारू स्वतःच मोजून भरीत असे. पिस्तुलाच्या पेटीतच दारूची कुपी, टोप्यांची डबी आणि गोळ्या ओतण्याचा साचा ठेवलेला असे. १८३६ मध्ये पेटंट घेतलेल्या सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरची विक्रीही पुढे अशाच पेट्यांतून होई. म्हणजे हातभरणी हा नंतर सुचलेला छंद नसून तीच मूळची रीत होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

धातूच्या पुंगळीने हे चित्र बदलले. १८४५ मध्ये फ्रान्समधील लुई-निकोला फ्लोबेर यांनी टोपीच्या तोंडावरच बारीक गोळी बसवून घरातील दिवाणखान्यात उडविता येईल असे काडतूस तयार केले. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८५७ मध्ये त्याच तत्त्वावरील ०·२२ इंच व्यासाच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. या काडतुसांत पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या तळाच्या दुमडलेल्या काठात भरलेले असते आणि घोडा त्या काठावर आपटतो. म्हणून त्यास रिमफायर म्हणतात. एकदा उडाल्यावर काठ चेमटतो व मिश्रण संपते; ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायर काडतुसात मात्र तळाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसविलेली असते. ती काढून तेथे नवी घालता येते.

टोपीच्या दोन पद्धती एकाच वर्षी, १८६६ मध्ये, पेटंटबद्ध झाल्या. अमेरिकन सेनाधिकारी हायरम बर्डन यांच्या पद्धतीत टोपी ज्यावर चेपली जाते ती ऐरण पुंगळीचाच भाग असून तिच्या बाजूंस दोन बारीक छिद्रे असतात. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते व पुंगळीच्या तळास मध्यावर एकच मोठे छिद्र असते. या एका छिद्रातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर पाडता येते. बर्डन पद्धतीच्या पुंगळीतून ती काढणे कटकटीचे आहे. पुढे घडले ते मात्र नवलाचे. अमेरिकन माणसाची पद्धत यूरोपभर रूढ झाली आणि इंग्रज माणसाची पद्धत अमेरिकेत. परिणामी अमेरिकेत साध्या हत्यारांनी घरोघर पुनर्भरण करणे सोपे गेले, तर यूरोपातील नेमबाजाच्या हाती पडणारी पुंगळी बहुधा टाकूनच द्यावी लागे. अमेरिकेत हातभरणी लोकप्रिय होण्याची कारणे सांगताना तेथील विस्तीर्ण प्रदेश व काटकसरीची वृत्ती यांचा उल्लेख नेहमी केला जातो. तळाच्या या एका छिद्राचा वाटा त्यांहून कमी नाही.

काळ्या दारूचे युग : १८७० नंतर स्मिथ अँड वेसनला रशियन सरकारकडून रिव्हॉल्व्हरची मोठी मागणी आली आणि तीतून ‘०·४४ रशियन’ हे काडतूस निर्माण झाले. ते लष्करासाठी असले, तरी अचूकतेमुळे लक्ष्यवेधी नेमबाजांचे ते लवकरच आवडते बनले. रंगमंचावर नेमबाजीचे प्रयोग करणारे आयरा पेन व त्यांचे प्रतिस्पर्धी यांनी १८८० नंतरच्या दशकात बॉस्टनजवळ ५० यार्डांवरून (४५·७ मी.) १०० गोळ्यांच्या मालिका याच काडतुसाने झाडल्या. कंपनी रिव्हॉल्व्हरबरोबर पुनर्भरणाची हत्यारे व साचेही विकीत असे. बंदिस्त जागेत सरावासाठी दारू अगदी थोडी घालून तीवर साधी वाटोळी गोळी बसविण्याची रीत तेव्हाच पडली. याच कंपनीने १८८० नंतरच्या दशकात खास लक्ष्यवेधासाठी काढलेल्या ०·३२ व ०·३८ व्यासांच्या काडतुसांत गोळी पुंगळीच्या आत पूर्णपणे बुडविलेली होती. ही कल्पना काही काळ मागे पडली, पण अर्ध्या शतकानंतर ती पुन्हा उपयोगी आली.

१८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. तिचे सांडशीसारखे हत्यार खिशात मावणारे होते. टोपी काढणे, नवी बसविणे, गोळी दाबणे ही सर्व कामे त्याने होत. काही हत्यारांच्या टोकालाच गोळी ओतण्याचा साचा जोडलेला असे. कंपनीची ‘आयडियल हँडबुक’ ही पुस्तिका हातभरणी करणाऱ्यांची एका अर्थाने क्रमिक पुस्तिकाच ठरली. या व्यवसायाची मालकी पुढे बदलत गेली व १९२५ मध्ये तो लायमन या कंपनीकडे आला. इंग्लंडमध्ये १८५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धा १८९० पासून बिझ्ली येथे भरू लागल्या. तेथील रिव्हॉल्व्हर स्पर्धांत वॉल्टर विनान्झ (१८५२–१९२०) यांनी मोठा लौकिक मिळविला. रशियात जन्मलेला व इंग्लंडमध्ये राहणारा हा अमेरिकन गृहस्थ पुढे नेमबाजी आणि शिल्पकला या दोन्हींत ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा म्हणून ओळखला गेला.

निर्धूम दारू व तिचे धोके : फ्रान्समधील पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये निर्धूम दारू सिद्ध केली. तिने बंदुकांचे जग पालटले, परंतु पुनर्भरण करणाऱ्यापुढे दोन नवी संकटे उभी केली. पहिले टोपीतील पाऱ्याच्या फल्मिनेटाचे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत पारा शोषला जाई. निर्धूम दारूची काजळी अत्यल्प असल्याने पारा पुंगळीच्या पितळाशी संयोग पावे व पितळ ठिसूळ होई. अशी पुंगळी दुसऱ्या वा तिसऱ्या भरणीत चिरफाळे. पारा टाळून पोटॅशियम क्लोरेट वापरावे, तर त्याचा क्षार नळीत राहून गंज चढे. १९२७ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ‘क्लीनबोअर’ या नावाने गंज न आणणाऱ्या टोप्या बाजारात आणल्या व नंतर शिशाच्या स्टिफनेटावर आधारलेल्या टोप्या सार्वत्रिक झाल्या.

दुसरे संकट अधिक गंभीर आहे आणि ते अद्यापि टळलेले नाही. काळी दारू पुंगळी भरूनच वापरावी लागे. चुकून दुप्पट दारू घालावी म्हटले, तरी ती मावत नसे. निर्धूम दारूची शक्ती मोठी असल्याने काळ्या दारूसाठी आखलेल्या जुन्या पुंगळीत तिचा थर तळाशीच राहतो. लाफ्लिन अँड रँड या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेली ‘बुल्झआय’ ही शीघ्रज्वलनशील दारू पिस्तूल नेमबाजांमध्ये इतकी रुळली, की कंपन्या बदलूनही त्याच नावाने ती शंभराहून अधिक वर्षे विकली जात राहिली. लक्ष्यवेधाच्या एका काडतुसास तिचे पाव ग्रॅमपेक्षाही कमी वजन पुरते. लक्ष विचलित होऊन त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तरी गोळी सुखाने बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. असे काडतूस उडाले, म्हणजे रिव्हॉल्व्हरची कोठी फुटते व वरची पट्टी उखडली जाते. याउलट दारू घालायचीच राहिली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते आणि नेमबाजाच्या ध्यानात न आल्यास पुढील गोळी तिच्यावर आदळून नळी फुगते. अतिशय सौम्य भरणीतही कधीकधी स्फोट होतो व त्याचे कारण दारूच्या ज्वलनातील काही गूढ प्रक्रिया असावी, असे मत नेमबाजांत दीर्घकाळ प्रचलित होते. प्रयोगशाळेत मात्र असा स्फोट हुकमी घडवून आणता आला नाही. पुष्कळशा प्रकरणांत दुहेरी भरणी हेच साधे कारण असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आपल्या हातून चूक झाली हे मान्य करणे कुशल माणसासही जड जाते.

वॉडकटर गोळी : गोल टोकाची गोळी कागदातून जाताना छिद्र न पाडता कागद फाडते व फाटलेली कड आत मिटते. गोळी वलयाच्या रेषेस लागली की नाही, यावर गुण अवलंबून असल्याने त्यावरून वाद होत. अमेरिकेच्या रिव्हॉल्व्हर संघटनेचे (स्थापना १९००) एक प्रमुख ए. एल. ए. हिमलराइट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सपाट तोंडाच्या, जवळजवळ दंडगोलाकार गोळीचा पुरस्कार केला. ती कागदातून वर्तुळाकार चकती कापून काढते. त्यावरून तिला वॉडकटर हे नाव मिळाले. ०·३८ स्पेशल या काडतुसातील १४८ ग्रेन (सु. ९·६ ग्रॅ.) वजनाची वॉडकटर गोळी सेकंदाला सु. २१५ ते २२५ मी. वेगाने जाते. युद्धोपयोगाच्या दृष्टीने ती निरुपयोगी होय. ५० यार्डांवरील कागदासाठी मात्र तिच्याहून चांगली गोळी मिळणे कठीण. घरगुती हातभरणीत कसोटीस उतरलेली ही गोळी कारखान्यांनी नंतर उचलली, हे विशेष आहे. १९६१ मध्ये स्मिथ अँड वेसनने पुंगळीत पूर्ण बुडविलेली वॉडकटर गोळीच तेवढी उडवू शकेल असे स्वयंभरणी पिस्तूल काढले. दुसरे कोणतेही काडतूस त्यात चालत नसे.

ऑलिंपिक परंपरा : १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजीचा समावेश होता. बॉस्टनचे जॉन व समनर पेन हे बंधू त्यांत उतरले. समनर त्या वेळी पॅरिसमध्ये होता. तेथे काय मिळेल याची खात्री नसल्याने दोघांनी मिळून ३,५०० गोळ्या बरोबर नेल्या. प्रत्यक्षात ९६ च लागल्या. २५ मी. लष्करी पिस्तूल स्पर्धा जॉनने जिंकली आणि ३० मी. च्या स्पर्धेतून भावासाठी माघार घेतली. ती समनरने जिंकली. एका स्पर्धेत मात्र त्यांची ०·२२ व्यासाची पिस्तुले नेहमीच्या व्यासाची नाहीत या कारणास्तव नाकारण्यात आली. पुढील काळात ऑलिंपिकमध्ये हाच व्यास सर्वमान्य झाला, हे पाहता हा निर्णय आज गमतीचा वाटतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची स्थापना १९०७ मध्ये झूरिक येथे आठ राष्ट्रीय संघटनांनी केली. आरंभीच्या स्पर्धांवर द्वंद्वयुद्धाची छाया होती. १९०६ च्या अथेन्स येथील खेळांत लांब कोट घातलेल्या पुतळ्यांवर नेम धरण्यात आला, तर १९०८ मध्ये लंडन येथे मेणाच्या गोळ्यांनी खेळल्या जाणाऱ्या द्वंद्वाचे प्रात्यक्षिक झाले. शीघ्र पिस्तूल प्रकारातील मनुष्याकृती लक्ष्ये त्यानंतरही अनेक दशके टिकली. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकपर्यंत त्यांची जागा वर्तुळाकार लक्ष्यांनी घेतली होती. या प्रकारात पाच लक्ष्यांवर प्रत्येकी एक याप्रमाणे पाच गोळ्या अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंदांत झाडावयाच्या असतात. हंगेरीचे कारोय ताकाच हे त्यातील विख्यात नाव. १९३८ मध्ये लष्करी सरावाच्या वेळी हातात हातबाँब फुटून त्यांचा उजवा पंजा गेला. त्यांनी कोणास न सांगता डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी या दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. लंडनमधील त्यांचे ५८० गुण हा विश्वविक्रम होता.

यूरोपातील या परंपरेने ०·२२ रिमफायर काडतूस स्वीकारले आणि त्याबरोबरच हातभरणीचा प्रश्न निकालात निघाला. ५० मी. वरील मुक्त पिस्तूल प्रकारात लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ ५ सेंमी. व्यासाचे असते. तेथे काडतूस सुधारणे स्पर्धकाच्या हाती नसते. त्याला निवड तेवढी करता येते. इंग्लंडमधील इली किंवा फिनलंडमधील लापुआ यांसारख्या कारखान्यांच्या वेगवेगळ्या खेपांतील काडतुसे आपल्याच पिस्तुलातून उडवून पाहावयाची व जी खेप चांगली ठरेल तिचा साठा करून ठेवावयाचा, अशी रीत रूढ झाली. सोव्हिएट संघात हे काम शासकीय कारखान्यांनी केले. खैदुरोव्ह यांनी अभिकल्पिलेले तोझ-३५ हे तूला येथील मुक्त पिस्तूल जगभर वापरले गेले. त्याच पिस्तुलाने अलेक्सांद्र मेलेन्त्येव्ह यांनी १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ६०० पैकी ५८१ गुण मिळविले. तो विक्रम ३४ वर्षे अबाधित राहिला. २०१४ मध्ये दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी तो दोन गुणांनी मोडला. २०१६ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. १९८८ पासून समाविष्ट झालेल्या १० मी. हवाई पिस्तूल प्रकारात तर दारू व पुंगळी यांचा संबंधच उरलेला नाही.

महासंघाच्या स्पर्धांत २५ मी. सेंटरफायर पिस्तूल हा एकच प्रकार असा राहिला, की ज्यात हातभरणीला वाव आहे. त्यात ७·६२ ते ९·६५ मिमी. व्यासाची शस्त्रे चालतात आणि पुष्कळ स्पर्धक ०·३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे जुने काडतूस वॉडकटर गोळीसह वापरतात. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही.

अमेरिकन परंपरा : ओहायओ राज्यातील कँप पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. तेथे रूढ झालेल्या पिस्तूल स्पर्धेत ०·२२, कोणतेही सेंटरफायर व ०·४५ अशा तीन शस्त्रांनी प्रत्येकी ९० गोळ्या ५० व २५ यार्डांवरून एका हाताने झाडावयाच्या असतात. एकूण गुण २,७००. ५० यार्डांवरील दहा गुणांचे वर्तुळ ८·५ सेंमी. व्यासाचे असते. १९७४ मध्ये हर्शेल अँडरसन यांनी २,६८० गुण मिळविले.

या स्पर्धेतील ०·४५ पिस्तूल हे मूळचे १९११ चे लष्करी शस्त्र. त्याची २३० ग्रेन वजनाची गोळी स्पर्धेस अवाजवी जोरकस. नेमबाज १८५ वा २०० ग्रेनची गोळी कमी दारूवर बसवीत. पण स्वयंभरणी पिस्तूल धक्क्याच्या जोरावरच पुढील काडतूस आत घेते. दारू कमी केली की ते अडू लागे. मग आतील स्प्रिंग हलकी करावयाची, पुन्हा भरणी बदलावयाची, असे हे दोन्ही बाजूंनी चालणारे काम असे. त्यातून शस्त्र व काडतूस एकमेकांसाठी घडत गेले. एका मोसमात हजारो गोळ्या लागत व विकतची काडतुसे पोलीस शिपायाच्या पगारात परवडत नसत. डिट्रॉइट पोलीस दलातील हॅरी रीव्ह्झ यांच्यासारखे सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे नेमबाज ज्या वर्गातून आले, त्या वर्गाला या खेळात टिकून राहता आले ते बव्हंशी हातभरणीमुळे. मोटारीच्या चाकांना तोलासाठी लावलेले शिशाचे तुकडे आणि छापखान्यातील लायनोटाइपच्या टाकाऊ ओळी वितळवून गोळ्या ओतल्या जात. शिसे, अँटिमनी व कथील यांचा तो छपाईचा मिश्रधातू गोळीस पुरेसा कठीण असतो.

हातभरणीचे काम क्रमाने होते. पुंगळी पोलादी ठशातून दाबून मूळ मापावर आणतात व त्याच वेळी जुनी टोपी पाडतात. नवी टोपी बसवून पुंगळीचे तोंड किंचित रुंदावतात. दारू घालून प्रत्येक पुंगळीत उजेडाखाली पाहतात. शेवटी गोळी बसवून तोंड आवळतात. या पाहण्यात कसूर झाली, म्हणजे वर वर्णिलेला अपघात ओढवतो. सॅन डिएगो येथील स्टार कंपनीच्या यंत्रात दांड्याच्या प्रत्येक ओढीस एक पूर्ण काडतूस बाहेर पडे. पोलीस दलांनी व क्लबांनी ती यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात नागरी वापरास गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांनी ०·२२ च्या टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळ्यांची कवचे बनविण्याचे ठसे तयार केले. त्यांची आरसीबीएस ही कंपनी (१९४३) त्यातून निघाली. युद्धानंतर स्पीअर, हॉर्नडी, ली इ. उत्पादक पुढे आले व हातभरणी हा स्वतंत्र धंदा झाला.

याच काळात हातभरणीचा एक उलटा प्रवाहही होता. आयडाहोतील पशुपालक व लेखक एल्मर कीथ यांनी ०·४४ स्पेशल काडतुसात अधिकाधिक दारू भरून प्रयोग केले. त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस ०·४४ मॅग्नम हे काडतूस निघाले. कीथ यांचे साध्य शिकार होते, स्पर्धा नव्हे. तथापि त्यांनी आखलेली खांदेदार गोळी लक्ष्यवेधी नेमबाजांनीही आपलीशी केली.

व्यावहारिक नेमबाजी : १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर व त्यांचे सहकारी यांनी धावपळ, आडोसे व वेळेचे बंधन असलेल्या स्पर्धा सुरू केल्या. जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने येथेच दोन्ही हातांनी पिस्तूल धरून एका हाताच्या पद्धतीवर मात केली. या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली व कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती व वेग या तिन्हींचा समतोल हे तिचे सूत्र असल्याने काडतुसाची शक्ती मोजणे आले. गोळीचे वजन ग्रेनमध्ये व वेग सेकंदास फुटांत घेऊन त्यांच्या गुणाकारास १,००० ने भागले, म्हणजे शक्त्यंक मिळतो. लष्करी ०·४५ काडतुसाचा तो सु. १९१ येतो. १७५ च्या वरील काडतुसास ‘मेजर’ मानून कडेच्या वलयांसाठी अधिक गुण दिले जात.

या नियमाने हातभरणीची दिशाच बदलली. वजनी गोळीऐवजी १२५ ग्रेनची हलकी गोळी सेकंदाला १,४०० फूट वेगाने सोडली, तरी शक्त्यंक १७५ होतो. त्यासाठी जास्त दारू लागते; तिचा वायू नळीच्या टोकावरील छिद्रांतून वर सोडला, तर पिस्तूल उसळत नाही. १९८० नंतर अग्रगण्य स्पर्धकांनी ०·३८ सुपर या १९२९ च्या काडतुसावर हा प्रयोग केला आणि जुनी ०·४५ मागे पडली. पण त्या पिस्तुलांच्या कोठीत पुंगळीचा तळ खालच्या बाजूस उघडा राहत असे. वाढलेल्या दाबाने तेथे पुंगळी फुटून वायू व पितळेचे तुकडे नेमबाजाच्या तोंडावर उडू लागले. ज्या काडतुसाचा दाब कोणत्याही कारखान्याने तपासलेला नव्हता, ते गुणांसाठी वापरले जात होते. अखेर पुंगळीस पूर्ण आधार देणाऱ्या नळ्या बनविण्यात आल्या आणि मेजरसाठीची किमान मर्यादाही पुढे खाली आणण्यात आली. कारखानी काडतूस हा मापदंड मानून खेळास सुरुवात झाली असता, एका दशकातच नियमाच्या कडेवर बेतलेली घरगुती भरणी हाच मापदंड झाला, ही गोष्ट संघटनेच्या संस्थापकांनाही रुचली नव्हती. मूळ स्वरूपातील पिस्तुलांसाठी पुढे जो स्वतंत्र विभाग निघाला, त्यात म्हणूनच सर्वांना सौम्य काडतुसाचेच गुण मिळतात.

कायदा : अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये विक्रीसाठी काडतुसे करणाऱ्यास परवाना लागतो, स्वतःपुरती भरणाऱ्यास नाही. जर्मनीत हातभरणी स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली येते व अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. ब्रिटनमध्ये प्रश्न काडतुसांचा उरला नाही, शस्त्राचाच झाला. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे एका इसमाने परवाना असलेल्या पिस्तुलांनी शाळेतील १६ मुले व त्यांची शिक्षिका यांची हत्या केली. १९९७ च्या दोन कायद्यांनी प्रथम ०·२२ हून मोठ्या व नंतर सर्व पिस्तुलांवर ग्रेट ब्रिटनमध्ये बंदी आली. हजारो नेमबाजांनी आपली शस्त्रे सरकारजमा केली. आपण कोणता गुन्हा केला, असा त्यांचा सवाल होता. मुलांच्या पालकांपुढे त्या सवालाचे वजन पडणे शक्य नव्हते, आणि संसदेनेही ते पडू दिले नाही. २००२ चे राष्ट्रकुल खेळ व २०१२ चे ऑलिंपिक यांतील पिस्तूल स्पर्धांसाठी तेथे खास सूट द्यावी लागली.

भारत : लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतुसांची निर्मिती करता येत नाही. त्यामुळे अमेरिकन पद्धतीची घरगुती हातभरणी येथे रुजली नाही. नेमबाज आयात काडतुसांवर व शासकीय कारखान्यांवर अवलंबून राहिले. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना (१८६९) लहान शस्त्रांची काडतुसे बनवितो. तेथील पुंगळ्यांच्या तळावर ‘केएफ’ ही अक्षरे उमटविलेली असतात. ०·३८, ०·४५ व ९ मिमी. व्यासांची पिस्तुले सर्वसामान्य परवान्यावर मिळत नसल्याने ०·३२ हा व्यास भारतात विशेष प्रचारात आला. सेंटरफायर स्पर्धेसाठी तोच योग्य होता, हा योगायोगच म्हणावा लागेल. जसपाल राणा यांनी या प्रकारात १९९४ च्या हीरोशीमा आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविले आणि २००६ मध्ये दोहा येथे ५९० गुणांसह तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी केली.

त्यानंतरचे भारतीय यश मुख्यत्वे रिमफायर व हवाई पिस्तुलांतील आहे. विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मी. शीघ्र पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले, तर राणा यांच्याकडे शिकलेल्या मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मी. हवाई पिस्तूल प्रकारात वैयक्तिक व सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र अशी दोन कांस्यपदके मिळविली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत व २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके जिंकली. आशियाई खेळांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्यांच्या या प्रकारात ०·२२ चे काडतूस वापरले जाते.